पायऱ्यांवरची माटोळी

माझी मामी आणि मी ज्या गावात राहतो, त्या गावचं नगराध्यक्षपद हे या भूतलावरचं सगळ्यांत अवघड पद आहे. गावाचं नाव सांगत नाही. पेडण्याहून बसने फार लांब नाही, एवढंच पुरे. आमची पालिका करत काही नसली तरी वाचते सगळं! मी स्वतः सरकारी कारकून. अर्ज कुठल्या कपाटात जाऊन झोपतो हे मला पक्कं ठाऊक, म्हणून मी कुणाला कधी काही विचारत नाही. मामी विचारते. कुठेही विचारते. लग्नात नगराध्यक्ष पंगतीत फिरायला लागले की खतखत्याची वाटी बाजूला सारून विचारते. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजतो, ते लुंगीवर पाव घ्यायला बाहेर येतात, तिथेही ही उभी. फक्त मयताच्या घरी ती तोंड उघडत नाही. "सुतकात माणसाक छळू नये," म्हणते, आणि तेराव्या दिवशी बरोबर हजर होते.

अर्ज मात्र तिने जन्मात कधी लिहिला नाही. "कागद परत धाडतत. माका खंय धाडतले?" हा तिचा सवाल, आणि त्याचं उत्तर पालिकेत अजून कुणाला सापडलेलं नाही. एकदा आमच्या वाड्यावरचा, म्हणजे वस्तीतला, खांबावरचा दिवा गेला. नगराध्यक्ष म्हणाले, ते वीजखात्याचं काम. मामी म्हणाली, "मग तुम्ही सांगा त्यांका, माका ते वळखनत नाय." आणि त्याच दिवसापासून रोज तिन्हीसांजेला अबोलीची परडी घेऊन ती नगराध्यक्षांच्या व्हरांड्यातल्या दिव्याखाली जाऊन बसू लागली. आमच्याकडे काळोख, तुमच्याकडे उजेड, माळ कुठे गुंफू, म्हणायची. भांडण नाही, आवाज नाही. उठताना एक वळेसर त्यांच्या बायकोच्या केसांत माळून यायची. आठवडाभरात ती बाई मामीच्या बाजूने नवऱ्याशी भांडायला लागली आणि आमच्या खांबावर दिवा लागला. मी तर हात जोडले.

पण हे सगळं किरकोळ. खरी लढाई पायऱ्यांची.

मामीचा वाडा उंचावर. खाली रस्त्यावर उतरायला चिऱ्यांच्या साठेक पायऱ्या, पालिकेच्या मालकीच्या. त्यांतल्या निम्म्या निखळलेल्या, उरलेल्या रानाने गिळलेल्या. शेजारच्या घरात आक्का राहते. दोघी एकाच वर्षी सुना म्हणून या वाड्यावर आल्या, त्याला पन्नास वर्षं तरी झाली असतील. आक्काची नजर अधू झाली तशी मामी रोज संध्याकाळी तिचा हात धरून तिला देवळात न्यायची. गेल्या साली आक्का त्या पायऱ्यांवर घसरून पडली, आणि तेव्हापासून ती खिडकीशी बसून असते. तिचा मुलगा पुण्याला. त्याने फोनवर सांगितलं, "मामी, चवथीपर्यंत पायऱ्या झाल्या तर ठीक. नाही तर मी आईला इकडे आणतो." वाईट मुलगा नव्हे हो, काळजीनेच बोलत होता. पण त्या दिवशी मामी जेवली नाही.

मग दर सोमवारी पालिकेतला तो लांब बाक आणि मामीचा डबा. कधी निविदा निघायची होती, कधी इंजिनियर बदलून गेला होता, मग पाऊस लागला. चवथ आली तरी एक चिरा हलला नाही.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-पानं बांधतात, ती माटोळी. त्यासाठी आम्ही पुरुष दरवर्षी रान धुंडाळतो. यंदा मामीने सगळ्यांना अडवलं. "कोणी रानात जावक नको," म्हणाली, आणि कोयता-टोपली घेऊन एकटी त्या पायऱ्या उतरली. दुपारी परतली तर काय, टोपलीत लालभडक कवंडळं, कांगलं, कारीट, तेरडा! शेवटच्या वळणावर आंबाड्याचं एक झाड चिऱ्यांत मुळं रोवून चांगलं फळाला आलं होतं, त्याचे घोसही. अशी भरगच्च माटोळी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

नगराध्यक्ष चवथीला घरोघरी दर्शनाला जातात. न जाऊन सांगतील कुणाला? आमच्याकडे ते पायऱ्या टाळून मागच्या शेतातून, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखून आले. नमस्कार केला, वर पाहिलं आणि हरखलेच. माटोळीचे ते मोठे दर्दी. "काकी, अशी माटोळी तालुक्यात नाय! खंयच्या रानातली? असलां रान राखूक जाय!"

"राखलंसच रे पुता," मामी शांतपणे म्हणाली, "सात वर्सां. तुझ्याच पालिकेच्या पायऱ्यांवरचां ता."

मी माझ्या पायाचे अंगठे बघत राहिलो. नगराध्यक्षांनी काहीतरी निविदा-निविदा सुरू केलं, तेव्हा मामीने त्यांच्या हातावर पंचखाद्य ठेवलं. "माका सांगू नको. ह्याका सांग." त्या माणसाने मूर्तीकडे पाहिलं आणि शाळेतल्या पोरासारखं म्हणाला, "दिवाळीपर्यंत."

आणि झाल्या हो! आक्काचा मुलगाही तेवढा थांबला. दिवाळीला दोन दिवस असताना शेवटचा चिरा बसला. मामीने आक्काच्या मुलाला फोन केला. तो आला, साऱ्या पायऱ्या चढून-उतरून पाहिल्या, मामीच्या पाया पडला. मग खाली मान घालून म्हणाला, "मामी, पायऱ्या झाल्या. पण आईला आता त्या दिसत नाहीत."

पुण्याला जाताना तिला खुर्चीत बसवून न्यायची वेळ आली नाही, हेच समाधान. आक्का आपल्या पायांनी उतरली, मामीचा हात धरून, एकेक पायरी चाचपत. गाडी गेली तरी मामी खालीच उभी होती. मला ते बघवेना.

पुढच्या सोमवारी मामी पुन्हा पालिकेत. नगराध्यक्ष दचकून उठले. "काकी, आता काय?"

"कठडो घाल पायऱ्यांक."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामी, आक्का तर गेली. आता कठडा कुणासाठी?"

"येतली ती कधीतरी," मामी म्हणाली. "तेव्हा धरूक कायतरी नको? माजो काय भरवसो?"