सुईवरची कळी
मोगऱ्याचा वास आला की मला अमरावतीच्या सासरचा रेकॉर्ड प्लेअर आठवतो. लग्नाला आठवडाच झाला होता आणि वकील सासरे माझ्याशी ‘चहा आण’च्या पुढे काही बोलले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी आपली लाडकी सनईची रेकॉर्ड लावली, तर सुई एकाच जागी उड्या मारू लागली. इवल्याशा वजनकाट्यावर सुई टेकवून त्यांनी भार मोजला अन् पुटपुटले, “जराशी हलकी पडून राहिली.” भार वाढवायचा तर सुईच्या दांडीमागचं वजन फिरवायचं, पण ते गंजून घट्ट बसलेलं. मी नांदगाव खंडेश्वरच्या फुलवाल्यांची लेक. गजऱ्यातली एक कळी काढून पुढे केली, “मामाजी, हिच्यानं होते का पाहा बरं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कळी सुईच्या डोक्यावर ठेवली आणि सनई अडखळत होती तिथून सरळ पुढे निघाली! आम्ही दोघंही खळखळून हसलो. दुसऱ्या दिवशी कळी सुकली, सुई पुन्हा उडाली आणि बैठकीतून हाक आली, “सूनबाई, ताजी कळी आणजो वं!” आता तो प्लेअर माझ्याकडे आहे. मागचं वजन दुरुस्त करून घेतलंय, हवं तसं फिरतं. पण भार लावताना मी तो एका कळीइतका कमीच ठेवते.