मी तिला तलावात बुडवलं

ही गोष्ट सांगायचं मी कैक वर्षं टाळलं. मुलाखतीत कोणी विचारलं की मी विषय बदलत असे. मागच्या महिन्यात गडचिरोलीहून एक विद्यार्थिनी आली, माझ्या कादंबऱ्यांवर प्रबंध लिहिणारी. चहा पिता पिता सहज म्हणाली, "सर, तुमच्या कादंबरीतली एकही बाई म्हातारी काऊन होत नाई?" मी हसून वेळ मारून नेली. ती गेल्यावर मात्र लिहायला बसलो.

तरुणपणी मी सिंदेवाहीजवळच्या एका गावात मास्तर होतो. गावाचा तलाव मोठा आणि त्याच्या पाळीखाली मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं. तिथली एक बाई दोन-चार दिवसांआड मासे घेऊन आमच्या दारात यायची. नवरा तापानं गेलेला, पदरी एक मुलगी. ती आणि माझी बायको ओट्यावर बसून अशा हसायच्या की मला आत वह्या तपासणं जमत नसे. पुढे तिनं पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं. माणूस तिनं स्वतः पसंत केला आणि मग भावाला सांगितलं.

तिच्यावर मी कादंबरी लिहिली. समोरचा अर्धा तुटका दात, हनुवटीवरचं गोंदण, "घेता का जी मासे" ही हाक, सगळं जसंच्या तसं उचललं. हसणं तेवढं गाळलं. पाटही गाळला, कारण स्वतःच्या पसंतीनं सुखी झालेल्या बाईचं पुढे काय लिहायचं ते मला कळेना. त्या जागी मासळीचा एक ठेकेदार आणला. तो तिला नादी लावून फसवतो आणि शेवटी ती तलावात जीव देते. तिच्या भिजलेल्या लुगड्यावर मी दोन पानं खर्ची घातली. ती झिंगे कशी धरते यावर एक ओळ नाही. ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. प्रस्तावनेत मात्र ठोकून दिलं की नायिका खरी आहे, मी तिला ओळखतो.

पुस्तक गाजलं. चंद्रपूरच्या सभेत लोकांनी डोळे पुसले. स्त्रीचं मन जाणणारा लेखक, असं कोणीतरी म्हणालं आणि ते मला पटलं.

तिला वाचता येत नव्हतं. मुलीनं दहावीच्या सुट्टीत सगळं पुस्तक वाचून दाखवलं, मोहल्ल्यातल्या बायकाही ऐकायला बसल्या. दुसऱ्या दिवशी टोपली खाली ठेवून तिनं मला गाठलं.

"गुरुजी, मले काऊन मारलं जी?"

"अगं, ती तू नाहीस. ती कादंबरी आहे."

"दात तं माहाच हाय. अन् ढिवराची बाई तलावात बुडते का? मले ढकललं तरी मी वर येईन. बाया हसून हसून लोळल्या."

माझी बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मी रागावून आत गेलो.

दोन महिन्यांनी ती आली तेव्हा डोक्यावर टोपली नव्हती. मुलीची सोयरीक चिमूरला जुळत आली होती. मुलाचा मामा मास्तर. त्यानं माझं पुस्तक वाचलं होतं, प्रस्तावनेसकट.

"मामा म्हणते, माय अशी तं पोरगी कशी असन."

"अगं, पण पुस्तकातली बाई तर मेली ना?" बायको म्हणाली.

"तेच म्हटलं मी, बाई. मेलेली बाई तुमच्यापुढं चहा घेऊन उभी हाय म्हटलं. कोणी हसलं नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, एकडाव चला. ठेकेदाराचं तुमच्या मनातलं होय, एवढंच सांगा. तुमचं आयकतीन ते."

रविवारी येतो म्हणालो. त्या सकाळी धुतलेला सदराही घातला. आणि बसून राहिलो. ठेकेदार खोटा म्हटलं की प्रस्तावना खोटी, आणि तो मामा मास्तर ते चार सभांमध्ये सांगणार. शेजाऱ्याबरोबर फाट्यावर निरोप धाडला, गुरुजींना ताप आहे. ती आणि तिचा नवरा तिथं थांबले होते. दुपारी बायको म्हणाली, "त्यांची बस गेली."

सोयरीक मोडली. मुलगी पुढे भद्रावतीला दिली, चांगली नांदते म्हणतात. त्याचं श्रेय माझ्याकडे येत नाही.

त्या रविवारनंतर दोन दिवसांनी बाई दारात आली होती. ओल्या फडक्यात मरळ बांधून आणली होती. "तापातून उठल्या माणसाले हे चांगलं," बायकोला म्हणाली. "गुरुजींचा उतरला ना?" मी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडलो होतो. ती मासळी मी जेवलो.

अनेक वर्षांनी सिंदेवाहीच्या बसस्टँडवर ती भेटली. केस पांढरे, दात बहुतेक गेलेले. सरकून मला बाकावर जागा दिली. माझी बायको गेल्याचं ऐकून लुगड्यानं डोळे पुसले. आम्ही बराच वेळ शेजारी बसलो होतो. एवढ्यात तिची बस लागली. मी तिची पिशवी वर चढवून दिली आणि म्हणालो, "सांभाळून जा." गेल्या पावसाळ्यात ती वारल्याचं कळलं.

बाई, त्या रविवारी मला ताप नव्हता. मी भ्यालो होतो. मला माफ कर.