बंद न होणारा दिवा

आमच्या ओव्हनमधला दिवा मी भांडून दुरुस्त करून घेतला आणि तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी धड बोलत नाही.

ओव्हन घेतला उल्हासनगर कॅम्प दोनमधून. मी कॅम्प तीनमध्ये जीन्सचे गठ्ठे डोक्यावर वाहून सुरुवात केलेला माणूस. आज स्वतःचा शिलाईचा कारखाना आहे, बदलापुरात फ्लॅट आहे. छापील किंमत द्यायची म्हटलं की मला शिवी खाल्ल्यासारखं वाटतं! दुकानातल्या सिंधी सेठला मी इतका पिळला, की शेवटी तो हात जोडून म्हणाला, "साईं, ले जाओ, बस मुझे छोड़ दो!"

आता ओव्हनचं दार उघडलं की आतला दिवा लागावा, लावलं की विझावा, असा नियम. आमचा विझेचना! दार लावा, दाबा, आपटा (मी आपटलं), दिवा आपला जळतोच आहे. आणि हे नेमकं कुणाच्या नजरेस पडावं? माझ्या साडूच्या! अरविंदराव अंबरनाथच्या एका कारखान्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेत आणि माझ्या लग्नापासून मला हमाल समजतात. आमच्या घरातल्या एकाच गोष्टीला त्यांनी आजवर बरं म्हटलंय, ती म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या इडल्या. त्या दिवशी इडल्या चापता चापता काचेतून आत डोकावले.

"दिगंबरराव, घासाघीस करून घेतलेला माल असाच निघायचा!"

झालं! पुढच्या खेपेला हा माणूस येईल तेव्हा त्या ओव्हनमध्ये मिट्ट काळोख पाहिजे, अशी मी शपथ घेतली.

आधी स्वतः बल्ब काढायला गेलो. बोट भाजलं.

"अहो, राहू दे ना तो दिवा," सुनंदा म्हणाली.

"राहू दे? लाइट बिल काय तुझा भाऊ भरतो?"

मग रोज झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायला लागलो. सकाळी पाहावं तर चालू! पुन्हा बंद, पुन्हा चालू! इलेक्ट्रिशियन बोलावून अख्खा बोर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी बटण चालू!

"सुनंदा, या घरात काहीतरी आहे!"

"अहो, ते बटण मीच..."

"तू मध्ये बोलू नकोस! मी विचार करतोय!"

विचार करून मी दुकान गाठलं. सेठ म्हणाला, "साईं, लोग शिकायत लाते हैं कि जलता नहीं. आपका तो जलता है!" मग मात्र माझं डोकं फिरलं. दुकानाच्या पायरीवर बसलो आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी कहाणी ऐकवली. दोन-तीन गिऱ्हाइकं माघारी वळल्यावर सेठनं मेकॅनिक पाठवायचं कबूल केलं. फुकट!

मेकॅनिक आला शनिवारी संध्याकाळी. रविवारी साडू नाश्त्याला यायचे होते! सुनंदा शिवमंदिरात गेली होती. ओव्हनमध्ये इडलीच्या पिठाचं पातेलं होतं (मुंग्या लागू नयेत म्हणून ठेवत असेल, अशी माझी समजूत). ते मी खिडकीत ठेवलं. मेकॅनिकनं ओव्हनच्या दाराजवळचं, दार लावल्यावर दिवा विझवणारं, अडकलेलं बटण काढून नवं बसवलं. "जुनं घेऊन जा, मला त्याचं तोंड बघायचं नाही!" मी म्हणालो. पातेलं आत ठेवलं, दार लावलं. काळोख! काय सुंदर काळोख!

सुनंदा परत आली आणि दारातच थबकली. "अहो, दिवा कुठाय?"

"मेला!"

ती चपलांसकट खुर्चीत बसली. "बदलापूरच्या या थंडीत पीठ फुगतं कसं, असं वाटत होतं तुम्हाला? त्या दिव्याच्या उबेवर! दही, इडली, डोसा, सगळं त्याच्यावर. तुम्ही बटण बंद करून झोपायचात, मी उठून चालू करायचे!"

"मग सांगायचं नाही?"

"किती वेळा आले सांगायला! तुम्ही विचार करत होतात!"

दार किलकिलं ठेवून दिवा लावून पाहिला, पण ऊब सगळी बाहेर. शेवटी माझी रजई पातेल्याला गुंडाळली गेली. मी कुडकुडत झोपलो. पीठही कुडकुडत झोपलं असावं, कारण सकाळपर्यंत ते जागचं हललं नव्हतं.

साडूंनी माझ्या काळोख्या ओव्हनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ताटलीतली चपटी इडली चमच्यानं उलटी-सुलटी केली आणि म्हणाले, "दिगंबरराव, पिठाशीसुद्धा घासाघीस केलीत? निम्म्यावर आणलंत की!"

मेहुणी हसली. सुनंदाही हसली! तीस वर्षांच्या संसारात बायको पहिल्यांदा साडूच्या विनोदाला हसली, हे मी विसरणार नाही.

सोमवारी पुन्हा कॅम्प दोन. मला पाहताच सेठनं शटरला हात घातला.

"सेठ, वो पुराना बटन वापस दो."

"वो तो भंगार में गया, साईं."

"तो दूसरा दो. खराबवाला!"

"खराब माल मैं रखता नहीं," सेठ छातीवर हात ठेवून म्हणाला. त्याच्यावरून आम्ही इतके भांडलो, की शेजारचे दुकानदार चहा घेऊन बघायला आले. अखेर त्यानं मेकॅनिकच्या डब्यातून एक अडकलेलं बटण शोधून काढलं आणि नव्याच्या भावात माझ्या हातावर ठेवलं. मी गुमान पैसे दिले.

पायरी उतरलो आणि मला राहवेना. परत वर चढलो.

"सेठ, गॅरंटी?"

"खराब बटन की कैसी गारंटी?"

"दो साल तक ये ठीक नहीं होना चाहिए! लिख के दो!"