बफून म्हणजे हजरजबाबी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण — कारण आता हे नाहीत, आणि घर फार गप्प आहे. पण ते गप्प झालं कधी? हे गेल्यावर नव्हे. त्याच्या कितीतरी आधी.

स्वातंत्र्यानंतरची सात-आठ वर्षं. मी जळगावात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, हे स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून. दिवसभर केळीचे घड वॅगनमध्ये चढायचे. संध्याकाळी चपला काढता काढताच यांचं सुरू — आज कोणाची नक्कल? मूळचे धरणगावकडचे, बोली तोंडात नुसती खेळायची. एक लठ्ठ दलाल होता. धापा टाकत घडांपुढे उभा राहायचा आणि पोट सावरत ओरडायचा, "बठ्ठा माल बारीक शे रे भो!" — म्हणे, सगळाच माल बारीक! हे तो दलाल व्हायचे, मग त्याच्याकडे बघत बसलेला हाडकुळा हमाल व्हायचे. तव्यावर पोळी करपायची आणि मी पदर तोंडात धरून हसत असायची. काय हसायची हो मी!

आणि तरी मला लाज वाटायची. यांची.

मॅट्रिकच्या मुलींना मी विनोदाचे इंग्रजी शब्द शिकवत होते. फळ्यावर ओळीनं — ह्यूमर, विट, सटायर, आयरनी, फार्स, आणि सगळ्यात खाली बफूनरी, म्हणजे विदूषकी चाळे. कोणता विनोद वरचा, कोणता हलका, मला तोंडपाठ. चार शब्द काय आले, मी शहाणी झाले!

शाळातपासणीला पुण्याच्या इन्स्पेक्टरबाई आल्या. मोठ्या बाईंनी त्यांना आमच्याकडे चहाला आणलं. यांनी दलाल काढला. बाई डोळे पुसत हसत होत्या — आणि मी घाईघाईनं इंग्रजीत म्हणाले, मनावर घेऊ नका, माझा नवरा नुसता बफून आहे. का म्हणाले? कुणी मागितलं होतं माझ्याकडे स्पष्टीकरण? बाईंचं हसू तिथेच विरलं.

त्या गेल्यावर यांनी विचारलं, "मास्तरीणबाई, बफून म्हणजे काय हो?"

"हजरजबाबी," मी म्हणाले. "फार मोठा शब्द आहे."

इतके खूश झाले! धक्क्यावर जो भेटेल त्याला सांगत सुटले. नवे स्टेशनमास्तर बदलून आले, तर त्यांनाही ऐटीत, इंग्रजीत — माझी बायको मला बफून म्हणते. साहेब खो खो हसले आणि सगळ्यांसमोर अर्थ सांगितला. हे मला पुढे यांच्या सोबतच्या कारकुनाकडून कळलं.

त्या संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले, जेवले. दुसऱ्या दिवशी माझ्या डिक्शनरीत धक्क्यावरची एक पावती सापडली — त्याच पानावर. साहेबाचं चुकलं असेल, बायकोचं कसं चुकेल — असं वाटलं असेल का यांना? मी पावती काढली आणि डिक्शनरी जागेवर ठेवून दिली.

यांनी कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. नक्कल बंद झाली. घरात बोलीही बंद — "भाजी छान झाली आहे," असं पुस्तकी बोलायला लागले. माझ्याशी! अजून संध्याकाळ झाली, दारात चपला वाजल्या की मी कान देते. तो दलाल एकदा, एकदाच ऐकायचा होता.

आणखी एक आहे. शाळेत मी त्या नकला चालूच ठेवल्या. सटायर शिकवताना दलाल, आयरनीला हमाल. मुली बाकांवर डोकी टेकून हसायच्या, आणि घरी मी अवाक्षर काढायची नाही. निवृत्त होईपर्यंत फळ्यावरच्या एकेका शब्दाला मी यांचंच उदाहरण दिलं. सगळ्यात खालच्या शब्दाला मात्र यांच्यात काहीच सापडेना. तो मी मुलींना नुसता लिहून घ्यायला सांगायची.