सफरचंदांची राखण

पाटील ट्रॅक्टरवर बसले की रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकासाठी स्टिअरिंगवरचं त्यांचं एक बोट वर उठायचं. फक्त बोट. हात जागचा हलायचा नाही. अनोळखी माणसाला एक बोट, ओळखीच्याला दोन, आणि ज्याच्याशी खरंच जमतं त्याला अख्खा पंजा. मोजूनमापून नमस्कार करणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला एका बोटावरून दोन बोटांवर यायला वर्ष लागलं. माझ्या सासऱ्यांना मात्र पहिल्याच आठवड्यात पंजा मिळाला, आणि ते मला बरेच दिवस लागून राहिलं होतं.

पाटील हे त्यांचं नाव नव्हे. ते अस्सल जर्मन, झिंडेलफिंगेनच्या पुढे, टेकडीपलीकडच्या एका लहानशा गावातले. मोटारीच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेले, आणि त्यानंतर उतारावरच्या वडिलोपार्जित सफरचंदाच्या झाडांमध्ये रमलेले. आम्ही त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. नवऱ्याची नोकरी झिंडेलफिंगेनमध्ये, म्हणून हे गाव. भारतात फोन करायचा तर कॉलिंग कार्ड खरवडून नंबर काढावा लागायचा, त्या वर्षांमधली ही गोष्ट.

'पाटील' हे नाव बाबांनी ठेवलं. बाबा म्हणजे माझे सासरे, कोरेगावकडचे निवृत्त शाळामास्तर. त्यांचा हिशोब सरळ होता. या माणसाकडे जमीन आहे, ट्रॅक्टर आहे, शिवाय गावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते सगळं याला ठाऊक आहे. मग हा पाटीलच. त्यांच्या पत्नी ओघानेच पाटलीणबाई झाल्या. दोघांनाही या नावांचा अर्थ मी समजावून सांगितला तेव्हा पाटलांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पास्ट शो."

हे त्यांचं पेटंट वाक्य. म्हणजे आपलं 'चालतंय की'. नळ गळत असला तरी पास्ट शो, दुरुस्त केला तरी पास्ट शो. आम्ही नवीन असताना एका सकाळी आमच्या दारावर एक छान लाकडी पाटी टांगलेली दिसली. मला वाटलं, नव्या भाडेकरूंचं स्वागत असणार. मी तिला खाली एक फुलांचा गजरा अडकवला आणि पाटी तशीच दारावर मिरवत ठेवली. त्या भागात घराचा जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायची आठवड्याची पाळी असते, ज्याची पाळी त्याच्या दारावर ती पाटी येते, आणि झाडून झालं की ती शेजारच्या दारावर लावायची असते, हे मला कोण सांगणार? तीन बिऱ्हाडांचं घर, आणि सगळे माझी वाट बघत बसलेले. शेवटी एका शनिवारी पाटील स्वतः खराटा घेऊन आले, निम्मा जिना त्यांनी झाडला, उरलेल्या निम्म्यासाठी खराटा माझ्या हातात दिला आणि गजऱ्याकडे बघून म्हणाले, "पास्ट शो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात नवऱ्याने बाबांना काही महिन्यांसाठी आमच्याकडे आणलं. घरात त्यांचा जीव रमेना. टीव्ही जर्मन, शेजारी जर्मन, आणि आम्ही दोघं दिवसभर बाहेर. ते खिडकीशी बसून राहायचे आणि मी विचारलं की म्हणायचे, "माझं काय, मी बरा आहे." ते बरे नव्हते. हे मलाही दिसत होतं आणि, नंतर कळलं, खाली राहणाऱ्या पाटलांनाही दिसत होतं.

एकदा बाबा पाठीमागे हात बांधून टेकडीकडे फिरायला गेले. तिथे पाटील फळांनी लवलेल्या फांद्यांना टेकू देत होते. बाबांनी गवतातलं एक लाकूड उचललं आणि पलीकडच्या झाडाची फांदी उचलून धरली. त्या दिवशी ते दुपारचे जेवायलाच आले नाहीत. आले तेव्हा शर्टाला गवत चिकटलेलं होतं आणि खिसे सफरचंदांनी फुगलेले होते.

तेव्हापासून ही दोन म्हातारी माणसं रोज बरोबर. एक आपल्या गावठी जर्मनमध्ये बोलायचा, दुसरा साताऱ्याच्या मराठीत "होय की", "तर काय" म्हणत राहायचा, आणि दोघांचं काही अडायचं नाही. बाबा ट्रॅक्टरच्या मडगार्डवरच्या छोट्या बाकावर उलटे बसायचे आणि मागून गाडी आली की पत्र्यावर टकटक करून सांगायचे. मला या फेऱ्या मुळीच पसंत नव्हत्या. बाबांचं वय, त्यांचा रक्तदाब, आणि तो मोठा रस्ता, जिथे गाड्या नुसत्या सुटलेल्या असतात. मी नवऱ्याकडे कुरकुर केली. तो म्हणाला, "अगं, ते हसताहेत. आईनंतर पहिल्यांदा हसताहेत."

ऑक्टोबरात फळं उतरली. पोती भरून ती शेजारच्या गावात रस काढायच्या ठिकाणी न्यायची असतात. पहिल्याच खेपेला पाटलांनी ट्रॉली भरली, काही पोती झाडाखाली राहिली. ती पुढच्या खेपेला नेऊ, असं त्यांनी हाताने सांगितलं. बाबांना ते पटेना. उघड्या रानात माल टाकून जायचं? लहानपणी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसून गोफण फिरवलेला माणूस तो. त्यांनी एक क्रेट पालथं घातलं, हातात काठी घेतली आणि पोत्यांशेजारी ठाण मांडलं. त्या गावात रस्त्याकडेला पैशांचा डबा ठेवून भाजी विकतात आणि डब्याला कुणी हात लावत नाही, असं मी त्यांना दहादा सांगितलं. बाबा म्हणाले, "माणसं नसतील नेत. रानडुकरं?"

पाटील पोट धरून हसले. पण तेव्हापासून प्रत्येक खेपेला हेच ठरून गेलं. ट्रॉली भरायची, पाटलांनी चाकावर थाप मारून मान हलवायची, म्हणजे आता आणखी भार नको, मग तीन-चार पोती मागे राहायची आणि बाबा त्यांच्या राखणीला बसायचे. पाटील रस काढून परत येईपर्यंत बाबा जागचे हलायचे नाहीत; दुसऱ्या खेपेला मात्र पोत्यांबरोबर तेही बाकावर बसून जायचे. घरी आल्यावर मला सांगायचे, "आज दोन हरणं आली होती. हाकलली."

तो शनिवार होता. नवरा कामावर गेला होता, मी कपडे वाळत घालत होते. लांब कुठेतरी सायरन वाजले आणि थांबले. थोड्या वेळाने समोरच्या बेकरीतल्या बाई ॲप्रनवरच आमच्या फाटकाशी आल्या. त्या पाटलीणबाईंना शोधत होत्या, मला बघून थबकल्या. मोठ्या रस्त्याच्या वळणावर ट्रॅक्टरला लॉरीने उडवलं होतं. पाटील जागीच गेले होते.

मी विचारलं, "आणि दुसरे?" दुसऱ्या माणसाचं त्यांना काही माहीत नव्हतं.

गाडी कशी काढली आणि कशी नेली, आठवत नाही. रस्ता पोलिसांनी अडवला होता. वळणापासून खालच्या शेतापर्यंत सफरचंदंच सफरचंदं पसरली होती, काही उतारावरून पार खाली घरंगळत गेली होती. एक तरुण पोलीस पुढे आला आणि माझं सगळं जर्मन कुठल्या कुठे पळालं. मी त्याला मराठीत विचारत होते, बाबा कुठे आहेत, माझे सासरे कुठे आहेत. त्याने माझे खांदे धरले आणि सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं विचारलं, कोणाला शोधताय? मग म्हणाला, ट्रॅक्टरवर एकच माणूस होता. एकच. मी त्याच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं.

मी शेतातल्या कच्च्या वाटेने टेकडीवर गेले. बाबा क्रेटवर बसले होते. मफलर कानाला गुंडाळलेला, काठी मांडीवर आडवी, शेजारी पोती. मला बघून म्हणाले, "पाटलांना आज फारच उशीर झाला गं."

खरं तेच सांगते, मला आनंद झाला. खालच्या रस्त्यावर एक चांगला माणूस चादरीखाली पडला होता आणि मी त्या गवतात बसून बाबांचे पाय धरून हसत होते. नंतर रडू आलं. बाबा घाबरले. मग मी त्यांना सांगितलं.

मी "चला" म्हटलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. माल माझ्या ताब्यात दिलाय, म्हणाले, तो पोचवल्याशिवाय कसा येऊ? मी ती पोती एकेक करून आमच्या छोट्या गाडीत कोंबली. एक मागच्या सीटवर बाबांच्या शेजारी बसवावं लागलं. घरी येईपर्यंत बाबांचा हात त्याच्यावर होता.

दुसऱ्या दिवशी मी पिठलं-भात करून बाबांबरोबर खाली नेला. आपल्याकडे अशा घरी चूल पेटत नाही, शेजारी अन्न नेतात, असं पाटलीणबाईंना सांगितलं. त्यांनी पातेलं दोन्ही हातांनी घेतलं. निघताना बाबा काहीच न बोलता वळले. दुःखाच्या घरातून निघताना आपण 'येतो' म्हणत नाही, हे मला पाटलीणबाईंना समजावून सांगावं लागलं.

तिकडे अंत्यविधी लगेच होत नाही, आठवडाभर थांबतात. तो आठवडा बाबांना भारी गेला. ते जेवेनात. पानावर बसायचे, दोन घास चिवडायचे आणि उठायचे. रात्रंदिवस एकच घोकत होते. मी मागे तोंड करून बसायचो. मी गाडी आली की सांगायचो. त्या दिवशी मी बाकावर असतो तर पत्रा वाजवला असता. नवऱ्याने समजावलं, मी समजावलं, शेवटी मी रागावलेसुद्धा. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा म्हणायचे, "मी चार पोती धरून बसलो आणि माणूस सोडला."

सासूबाईंच्या मागे हे असंच झालं होतं, हे मला ठाऊक होतं. तेव्हाही ते असेच वाळत गेले होते. लॉरीच्या तडाख्यातून वाचलेला माणूस डोळ्यांदेखत हातातून जातोय, असं मला वाटायला लागलं.

दफनाला सारा गाव आला होता. प्रत्येकाने खड्ड्यात मूठभर माती टाकली. बाबांनी टाकली आणि तिथेच उभे राहिले, मी दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. नंतर सगळे गावातल्या खाणावळीत जमले. तिथे मातीनंतर कॉफी आणि वेणीच्या आकाराचा गोड पाव असतो. थोड्या वेळाने लोक पाटलांचे किस्से सांगून चक्क हसायला लागले. बाबा कोपऱ्यात ताटली पुढे ठेवून बसले होते, पावाला हात न लावता.

पाटलीणबाई उठून आमच्या टेबलाशी आल्या. त्यांनी ताटलीकडे पाहिलं आणि मला विचारलं, हे खात का नाहीत? पिठलं-भातासारखी यालाही काही रीत आहे का? मी म्हटलं, रीत नाही. आणि बाबांच्या मनातलं सगळं सांगून टाकलं.

त्या बाबांच्या समोर बसल्या. लॉरी समोरून आली होती, त्या म्हणाल्या. वळणावर, आपली बाजू सोडून. मागे बघणाऱ्याला ती दिसलीच नसती. पोलिसांनी त्यांना कागदावर रेघा काढून दाखवलं होतं. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. बाबा ऐकत होते, पण चेहरा तसाच होता.

मग पाटलीणबाई म्हणाल्या, "आणि तसेही ते ट्रॅक्टरवर नसतेच. माझा नवरा रोज मुद्दाम पोती मागे ठेवायचा."

मला नीट कळलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"ट्रॉलीत सगळी मावतात हो. दुप्पट मावतील. चाकाला काही झालेलं नाही. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, दोन-दोन खेपा कशाला, डिझेल काय फुकट येतं? तर म्हणाला, मास्तरांना राखण करायला आवडतं. माणसाला कुणीतरी काही राखायला द्यावं लागतं." त्यांनी टेबलावरचे पावाचे कण गोळा केले. "कारखाना सुटल्यावर पहिलं वर्ष तोही असाच खिडकीत बसायचा."

मी हे बाबांना सांगितलं.

बाबा म्हणाले, "म्हणजे ट्रॉलीत जागा होती."

"होती, बाबा."

"आणि मला थंडीत बसवून ठेवायचे."

"हो."

"लबाड माणूस," बाबा म्हणाले. त्यांच्या गळ्यातून एक आवाज निघाला, मला आधी वाटलं ठसका लागला. ते हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. "अगं, केवढा लबाड माणूस होता हा."

पाटलीणबाईंनी मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "गेनाऊ," म्हणाल्या. अगदी बरोबर.

बाबांनी ताटली पुढे ओढली. पावाचा तुकडा मोडून कॉफीत बुडवला आणि खाल्ला, मग दुसरा. पाटलीणबाईंनी काही न विचारता त्यांच्या ताटलीत आणखी वाढलं.