अक्षता, फोकस आणि जालन्याची दोन दिवसांची चक्कर

वाटूरच्या एका लग्नात माझ्या कॅमेऱ्यानं नवरा-नवरीला सोडून तांदळावर फोकस केला. अंतरपाट निघाला, अक्षता उडाल्या, आणि त्या अर्ध्या मिनिटातल्या प्रत्येक फोटोत तांदळाचा दाणा एकदम स्वच्छ, मागं दोन पुसट डोकी. नवरदेवाचा मामा मला बोलला. मीपण त्याला बोललो, जरा जास्तच बोललो. ही बातमी घनसावंगीला भगवानकाकांपर्यंत पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

काका म्हणजे तिचे वडील. तिचं नाव इथं लिहीत नाही, कारण हा ब्लॉग तिचा भाऊपण वाचतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही एकाच वर्गात होतो. पुढं एका सरांशी प्रॅक्टिकलच्या वहीवरून माझं वाजलं आणि मी कॉलेज सोडलं. ती शिकली, मी फोटोग्राफर झालो. आता तिच्या थोरल्या बहिणीचं, पूजाताईचं, लग्न ठरलंय. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे फोटो मीच काढायचे असं जवळपास पक्कं होतं. म्हणजे तीन दिवस त्या घरात राजरोस वावरायचं! तेवढ्यात काकांचा फोन आला.

"तू आधी कॅमेरा बदल बाबा. फोटो काढून दाखव, मंग ठरवू. न्हाई तर जालन्याचा माणूस बोलावून राह्यलो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी आष्टीतून निघालो. बॅगेत जुना कॅमेरा, रुमालात बांधलेले दोन मुठी तांदूळ. कॅमेरा घ्यायचा तर तांदूळ उडवून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

परतूरपर्यंत जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून कुणी येणार असाल तर अर्धा तास जास्तीचा धरा. तिथून वाटूरमार्गे जालन्याची एसटी. सध्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आहेत, एकीच्या मागं अडकलो की बस बैलगाडीच्या चालीनं चालते. वाटूर फाट्यावर दहा मिनिटं थांबा होता. भजे गरम होते, चहा कपभर साखरेचा. मामाचं कुणी भेटेल म्हणून मी तोंडाला रुमाल बांधूनच खाल्ले. रुमाल बांधून भजे खाणं अवघड असतं.

जालन्यात रवी घ्यायला आला. रवी माझा वर्गमित्र, आता इथं स्टीलच्या कारखान्यात कामाला आहे. त्याला घेऊन मोठ्या दुकानात गेलो. एसी, काचेचे काउंटर, कॅमेरा हलू न देणारे गिंबल, ड्रोन, हजार फोटोंतून मिटलेल्या डोळ्यांचे फोटो आपोआप बाजूला काढणारं सॉफ्टवेअर, सगळं एका छताखाली. विक्रेत्यानं नवा मिररलेस कॅमेरा हातात दिला. बॉडी लाखाच्या वर, लेन्स वेगळी. खरं सांगायचं तर चीज भारी होती. माणसाच्या डोळ्यावर छोटा चौकोन येतो आणि माणूस हलला तरी चिकटून राहतो.

मी रवीला समोर उभं केलं, तांदळाचा रुमाल सोडला आणि म्हणालो, "उडव."

रवीनं उडवले. अर्धे त्याच्या डोक्यावर, अर्धे काउंटरवर. आणि काउंटरवर लेन्स काढलेली एक बॉडी तोंड उघडं ठेवून पडली होती.

"ओ दादा! लग्न लावून राह्यले का इथं?" विक्रेता ओरडला.

"मंग चालवायचा कुठं हा कॅमेरा? एसीत?"

"गावाकडच्या लग्नाला एवढा कशाला पाहिजे? तो लेन्ससकटचा स्वस्त किटवाला घ्या, बस होते तुम्हाला."

गावाकडचं लग्न! मी भडकलो. काय बोललो ते लिहीत नाही. रवीनं दंडाला धरून बाहेर काढलं आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडलं नाही. चूक माझीच होती, हे आता लिहिताना कळतं. उघड्या बॉडीत तांदूळ गेला असता तर सेन्सर कामातून गेला असता. दुकानात अक्षता उडवू नका, एवढं माझ्याकडून शिका.

संध्याकाळी कादराबादेत रऊफभाईंकडं गेलो. ते तीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करतात. एका माणसाला बसता येईल एवढी त्यांची जागा, आणि त्यात आम्ही तिघं. जुना कॅमेरा विकून टाकू आणि ते पैसे नव्यात घालू, असा माझा बेत होता.

"काय झालं याला?" त्यांनी विचारलं.

"फोकस तांदळावर जातो."

रऊफभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग मेनू उघडून हसायलाच लागले. "अरे मियाँ, कॅमेरा बिलकुल बराबर हाय. तूच याला मोकाट सोडला. जे जवळ दिसंल त्याला पकड म्हणून सांगून ठेवलं, आता तो तांदूळ पकडतो तर त्याच्यावर गरम होतो?"

त्यांनी फोकसचा एकच ठिपका ठेवला. मग फोकस क्लिकच्या बटनावरून काढून मागच्या बटनावर दिला. "अंतरपाट निघाला की ठिपका डोळ्यावर धर, मागचं बटन दाब आन् सोड. मंग किती बी तांदूळ उडू दे. नुसते फोटो काढ, कॅमेरा दुसरीकडं बघणारच न्हाई. तिथून तू हलू नको फक्त."

रवीला पुन्हा उभं केलं. उरलेले तांदूळ रऊफभाईंनी स्वतः उडवले. बारा फोटो काढले, बाराही फोटोंत रवीच्या पापण्या मोजता येत होत्या.

वाटूरला मामाशी भांडताना 'कॅमेराच भंगार आहे' असं मी दहा जणांसमोर सांगितलं होतं.

"आता घेऊ काय मग?" मी विचारलं.

"मंडप अंधारा असतो ना? उजेड घे." त्यांनी मला एक वापरलेली, अंधारातही भरपूर उजेड घेणारी पंच्याऐंशी एमएमची लेन्स आणि एक फ्लॅश दाखवला. दोन्ही मिळून नव्या बॉडीच्या चौथ्या हिश्श्यात. मी दोन्ही घेतलं. माझ्या बॉडीत दोन मेमरी कार्डं बसतात, एक बिघडलं तरी फोटो दुसऱ्यावर राहतात, त्यामुळं ती बदलायची तशी घाईही नव्हती. तुम्ही लग्नाचं काम करत असाल तर आधी हेच बघा: दोन कार्डं, चांगली लेन्स, दोन बॅटऱ्या. मेगापिक्सेल पाहुण्यांना सांगायला असतात.

रात्री रवीच्या खोलीवर झुणका-भाकरी खाऊन झोपलो, पण एकच विचार: काकांना नवा कॅमेरा बघायचाय, आणि मी तोच घेऊन चाललोय.

सकाळी अंबडमार्गे घनसावंगी. दोन्हीकडं ऊस, मधे कापसाच्या पांढऱ्या पट्ट्या, खिडकीतून वारा चांगला लागतो. काका ओसरीवर बसले होते.

"आनला का नवा?"

"न्हाई काका. कॅमेरा चांगलाच होता. चूक माझी होती, मला चालवता येत नव्हता."

हे वाक्य बोलायला मला किती जड गेलं ते मलाच माहीत. काका आत बघून म्हणाले, "पूजा, मूठभर तांदूळ आन. तू बी ये गं."

दोघी अंगणात शेजारीशेजारी उभ्या राहिल्या, ती जरा मागं. काकांनी तांदूळ उडवले. मी बटन दाबलं, सोडलं आणि फोटो काढत गेलो. काकांनी कॅमेरा मागून घेतला. मी एक फोटो मोठा करून दिला. हवेतला तांदूळ पुसट, छान पुसट. पण पूजाताईपण पुसट. आणि मागं उभ्या धाकटीची पापणी न् पापणी स्वच्छ, कपाळावर चिकटलेला एक दाणासुद्धा.

नवी लेन्स मी पूर्ण उघडी ठेवली होती, ॲपर्चर एक पॉइंट आठवर. त्यात एकच माणूस फोकसमध्ये राहतो. ठिपका कुणाच्या डोळ्यावर धरायचा ते माझ्या हातानं मला न विचारता ठरवलं होतं.

"नवरी कोन हाय यातली?" काकांनी विचारलं.

पूजाताईनं वाकून फोटो बघितला आणि पदर तोंडाला लावला. धाकटी घरात पळाली.

"परत काढतो काका," मी कसाबसा म्हणालो.

"काढ. आन् नवरीवर धर ह्या टायमाला."

तिला परत बोलावलं. दोघी फोकसमध्ये मावाव्यात म्हणून ॲपर्चर चारवर घेतलं, फ्लॅश लावला. ह्या वेळी दोघीही स्वच्छ आल्या. काकांनी फोटो बघितला, कॅमेरा माझ्या हातात दिला. "हळदीच्या आदल्या दिवशी ये. जेवायला इथंच."

कुंभार पिंपळगावमार्गे आष्टी, दुपारच्या जीपला जागा होती. आईनं विचारलं, नवा कॅमेरा कुठाय? सांगितलं, जुनाच नीट झाला. तिला ते लगेच पटलं, मला पटायला जालना लागलं.

आता घरी फोटो कॉम्प्युटरवर घेतलेत. काकांचा मेसेज आला: पूजाचा फोटो पाठव. मी चारवरचा पाठवला. पहिला त्यांनी मागितला नाही. पण तो काढून टाक, असंही ते कुठं म्हणाले नाहीत.