पिवळ्या रेषेवरचे "थांबा!"

जिथे चुकीला जागा कमी, तिथे किस्स्यांना जागा फार, हे लोककथांच्या अभ्यासात मला वारंवार जाणवले आहे. अणुवीज केंद्रांसाठी तंत्रज्ञ घडवणारा महागावचा वर्ग हे त्याचे उत्तम उदाहरण. तिथे किस्से सोयाबीनच्या ढिगासारखे साचतात! माझे स्नेही देशकर सर तिथे शिकवतात. वर्गात किरणोत्सर्ग औषधालाही नाही. जमिनीवर फक्त एक पिवळी रेषा आहे. तिच्या आत तो आहे, असे सर्वांनी मानायचे. देव मानणाऱ्यांना हे जड जात नाही.

०

पहिला नियम: रेषेच्या आत काही खायचे नाही. फुलसावंगीचा गजानन झगा, हातमोजे, बुटांवर आवरणे असा सजून आत उभा. सरांना त्याचा गाल फुगलेला दिसला.

"तोंडात काय?"

"खर्रा, सर."

"आणि नियम?"

"आत खायचं नाही. मी तं बाहेरूनच तोंडात घेऊन आलतो!"

०

दुसरा नियम: ऐकणाऱ्याने सूचना परत म्हणून दाखवायची, आणि देणाऱ्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय हलायचे नाही. ही रीत गजाननच्या घरी पोचली.

"म्हशीले पाणी दाखव," आई म्हणाली.

"म्हशीले पाणी दाखवायचं. बरोबर?" आणि हा उभाच!

माउलीने सरांना फोन लावला. "मास्तर, पोरगं चांगलं धाडलं होतं. त्याच्या कानाले काय केलं तुम्ही?"

०

तिसरा नियम सर्वांत मोठा. शंका आली की कोणीही "थांबा" म्हणावे. काम तत्क्षणी थांबते. म्हणणाऱ्यावर रागवायचे नाही, उलट सर "धन्यवाद" म्हणतात.

एकदा जेवणाच्या सुट्टीची वेळ टळली तरी सर शिकवतच होते.

"थांबा!" गजानन ओरडला.

"धन्यवाद. शंका काय?"

"मेसमधी भाजी उरते का नाही, याची!"

०

वर्गातली सर्वांत चोख विद्यार्थिनी म्हणजे तांड्यावरची सुनीता राठोड. तिची दूरच्या एका केंद्रात निवड झाली. पण वडील रामधनभाऊ राजी होईनात. समारोपाला ते आले ते तिला परत न्यायलाच. मला म्हणाले, "अणूच्या कारखान्यात पोरगी कायले धाडू? तिथं मोठमोठे सायेब. हिचं कोण ऐकीन?"

तेवढ्यात गळ्यात हार घातलेले प्रमुख पाहुणे उत्साहाने पिवळ्या रेषेकडे निघाले.

"थांबा!" सुनीता गरजली.

पाहुण्यांचा पाय हवेतच राहिला. 

"धन्यवाद," सर म्हणाले.

पाहुणे निमूट खुर्चीत बसले आणि बुटांवर आवरणे चढवू लागले.

रामधनभाऊ भानावर आले. "झालं ना तुझं? चाल आता घरी."

सुनीता ताठ उभी राहिली. परत म्हणण्याची रीत एव्हाना तांड्यावरही पोचलेली होती.

"आता घरी चालायचं, बापू. बरोबर?"

रामधनभाऊंनी पाहुण्यांच्या पायांकडे पाहिले, मग लेकीकडे. सगळा वर्ग त्या एका शब्दासाठी कान टवकारून बसला.

"थांबा," रामधनभाऊ म्हणाले.

"धन्यवाद!" म्हणाले सर.